बॉनेटखालची मोजणी : एक प्रस्तावना

मोटारीची प्रतिकृती करणाऱ्या कारागिराची खरी परीक्षा बॉनेट उघडले जाते तेथून सुरू होते, असे मी मानतो. आणि पुढील पानांत जे काही लिहिले आहे ते सर्व या एका मतावर उभे असल्यामुळे त्याचे विवरण प्रारंभीच करणे मला उचित वाटते. मोटारीचा बाह्याकार सर्वांच्या परिचयाचा असतो. दिव्यांची ठेवण, पुढच्या जाळीचे दात, मडगार्डचा बाक हे सारे शाळेत जाणारे मूलही दुरून ओळखते, आणि त्यात उणेअधिक झाले तर ते तत्काळ कोणाच्या तरी नजरेस येते. म्हणून तेथे कारागीर सावध असतो. पत्र्याखालचे यंत्र मात्र खुद्द मालकानेही क्वचितच निरखून पाहिलेले असते, त्यामुळे तेथे एक चौकोनी ठोकळा, दोन नळ्या आणि एक पंखा बसवून काम भागविण्याचा मोह पडतो. इंजिनाच्या डाव्या अंगाला काय आहे आणि उजव्या अंगाला काय, कोणती नळी कोठून निघून कोठे जाते, कोणत्या वायरीचे टोक कोणत्या प्लगवर आहे, याची खातरजमा केल्यावाचून जो हातात कानस धरत नाही, त्याचीच प्रतिकृती पुढच्या पिढीतील एखाद्या जिज्ञासूला ते यंत्र कसे होते हे सांगू शकेल.

सरकारी व्यवहारात पंचनामा नावाची जी चीज आहे, तिच्याशी या कामाचे मला नेहमी साम्य वाटत आले आहे. जे दिसले ते, जसे दिसले तसे, मापासह आणि साक्षीदारांसह लिहून ठेवावयाचे; तर्काने भर घालावयाची नाही आणि शोभेसाठी काही गाळावयाचे नाही. निजामी अमदानीत ज्या मुलखातील शेताचा बांध न् बांध मोजणीखात्याच्या नकाशावर चढला आणि दप्तरात जपला गेला, त्या मुलखातील माणसाला नोंदीचे मोल निराळे समजावून सांगावे लागत नाही. मात्र जमिनीच्या नोंदी आपण जितक्या आस्थेने ठेवल्या, तितक्या आस्थेने त्या जमिनीवरून धावलेल्या यंत्रांच्या नोंदी ठेवल्या नाहीत, आणि त्या ठेवण्याची वेळ आता हातातून निसटत चालली आहे.

प्रमाण हा या विद्येचा पाया होय. १:२४ हे मोटारींच्या प्रतिकृतींत फार रूढ असलेले प्रमाण. एका इंग्रजी फुटाला अर्धा इंच, असा त्याचा हिशेब साधा व व्यवहारी आहे. अमेरिकन संचांमध्ये १:२५ स्थिरावले. १:४३ हे प्रमाण ब्रिटिश खेळण्यांतील आगगाडीच्या, फुटाला सात मिलिमीटर या हिशेबातून निघाले, आणि फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने काढलेल्या डिंकी मोटारींच्या द्वारे घरोघर पोहोचले. जपानातील शिझुओका येथील तामिया कंपनीने १:१२ या मोठ्या प्रमाणात शर्यतीच्या मोटारी केल्या, तर इटलीतील तुरीनच्या पोखेर कंपनीने १:८ पर्यंत मजल मारून जुन्या फियाट व आल्फा रोमिओ मोटारींचे असे संच काढले की ज्यांची चाके तारेतारेने विणावी लागत. ज्याला इंजिनाचा अभ्यास करावयाचा आहे त्याने १:४३ च्या वाटेस जाऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे, कारण त्या प्रमाणात बोल्टचे डोके मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे उरते आणि सामान्य दृष्टीच्या माणसाला त्याचे सहा पैलू दाखविणे अशक्यप्राय होते. १:२४ ही आपल्या हातांची आणि डोळ्यांची वाजवी मर्यादा आहे. १:१२ अथवा १:८ परवडत असेल तर उत्तमच.

परदेशी संच विकत आणून जोडणाऱ्यास आठ सिलिंडरची अमेरिकन इंजिने व इटालियन शर्यतीची यंत्रे यांची ओळख लवकर होते. ज्या मोटारीतून त्याचे आजोबा वरातीला गेले तिचे इंजिन मात्र त्याला त्या पेटीत सापडत नाही. म्हणून या पुस्तकासाठी मी मुद्दाम दोनच वाहने निवडली. एक मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, जिला पुढे प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, आणि दुसरी महिंद्रांची जीप. या दोन वाहनांनी महाराष्ट्राची दोन भिन्न अंगे वाहिली. पहिलीने शहरातील मध्यमवर्ग व टॅक्सीचा उतारू, आणि दुसरीने तहसीलदार, पाटबंधारे खात्याचे ओव्हरसियर, निवडणुकीच्या पेट्या, आणि आमच्या शिरूर कासारसारख्या सिंदफणेकाठच्या गावांहून बीड व पाथर्डीकडे दाटीवाटीने जाणारे बाजारकरी.

फियाटची हकीकत थोडक्यात अशी. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीची स्थापना केली. प्रथम अमेरिकन बनावटीच्या मोटारींची जुळणी झाली, नंतर फियाटशी करार होऊन इटालियन मोटारी आल्या, १९६४ पासून ११०० डिलाइट हे रूप सुरू झाले, आणि हेच रूप थोड्याफार फरकाने पद्मिनी या नावाखाली शतकाच्या अखेरपर्यंत टिकले. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा, वर ॲल्युमिनियमचे हेड. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तेथून पुशरॉड वर येऊन रॉकरला उचलतात आणि रॉकर वाल्व दाबतात. १:२४ प्रमाणात हा बोअर २.८३ मिलिमीटरचा व स्ट्रोक ३.१२ मिलिमीटरचा होतो, आणि सबंध इंजिनाची क्षमता, ज्यांना हिशेबाची आवड आहे त्यांच्यासाठी सांगतो, एका घन सेंटिमीटरच्या बाराव्या-तेराव्या हिश्श्याएवढी उरते. बंद ब्लॉकमधील बोअर कोणाला दिसणार नाही हे खरे. तथापि दोन बोअरमधील अंतरावरून हेडच्या बोल्टांची रांग ठरते, प्लगांची जागा ठरते, मेनिफोल्डचे फाटे ठरतात. न दिसणाऱ्या मापावर दिसणारी सर्व मापे अवलंबून असतात, म्हणून मोजणी आतून बाहेर करावी लागते.

जीपच्या बाबतीत कथा अधिक गुंतागुंतीची आहे, आणि माझ्या मते अधिक बोधप्रदही. महिंद्रांनी १९४७ च्या सुमारास मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. युद्धकाळातील मूळ जीपचे पेट्रोल इंजिन २१९९ घन सेंटिमीटरचे, ६० अश्वशक्तीचे. त्याचे दोन्ही वाल्व ब्लॉकमध्येच बाजूला बसविलेले, त्यामुळे वरचे हेड म्हणजे जवळजवळ एक सपाट बिडाची लादी आणि तिच्यावर उभे रोवलेले चार प्लग. पुढे विलीजने त्याच बोअर-स्ट्रोकवर इंजिन सुधारून आत येणाऱ्या मिश्रणाचा वाल्व हेडमध्ये वर नेला आणि बाहेर जाणाऱ्या धुराचा वाल्व खालीच ठेवला. ताकद वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली. ते उंच इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना, तेव्हा बॉनेटच वर उचलले गेले, आणि सीजे-३बी हे उंच कपाळाचे रूप जन्मास आले, जे महिंद्रांनी परवान्याखाली आपल्याकडे वर्षानुवर्षे बनविले व जे आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे जीप म्हटले की उभे राहते. बाहेरचा आकार आतल्या यंत्राने घडविला, याचे याहून निर्मळ उदाहरण मला ठाऊक नाही. जो केवळ छायाचित्रे पाहून पत्र्याची प्रतिकृती करील त्याला बॉनेट उंच का हे कधी कळणार नाही. जो आधी इंजिन करील त्याच्या हातून बॉनेट आपोआप योग्य उंचीचे होईल.

येथेच एका फसगतीचा इशारा देणे अगत्याचे आहे. जीप एक, म्हणून इंजिनही एक, असे समजून जर कोणी मराठवाड्यातील १९९० नंतरच्या जीपमध्ये प्लग आणि प्लगच्या वायरी बसविल्या, तर ती प्रतिकृती कितीही सुबक असली तरी खोटी साक्ष ठरेल. ऐंशीच्या दशकापासून महिंद्रांच्या जीपमध्ये प्यूजो बनावटीचे २११२ घन सेंटिमीटरचे डिझेल इंजिन येऊ लागले, बोअर ९० व स्ट्रोक ८३ मिलिमीटर. आणि पेट्रोलच्या खर्चाने मेटाकुटीस आलेल्या मालकांनी जुन्या जीपमधील पेट्रोल इंजिन काढून तेथे डिझेल बसविले, हा प्रकारही खेड्यापाड्यांत सर्रास झाला. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, अर्थात ठिणगी वाटणारा डेल्को नाही, प्लगच्या वायरी नाहीत. त्यांच्या जागी पंपापासून प्रत्येक नोझलकडे जाणाऱ्या पोलादी नळ्या आहेत, आणि त्या नळ्यांची लांबी प्रत्येक सिलिंडरला सारखी राहावी म्हणून जवळच्या सिलिंडरची नळी मुद्दाम वळसे देऊन नेलेली असते. हा वळसा प्रतिकृतीत दाखविला गेला की जाणकार पाहणारा तेथे क्षणभर थबकतो. त्याचप्रमाणे मुंबईच्या टॅक्सीचे अखेरचे रूप जो करू इच्छितो त्याने तिच्या इंजिनाभोवती गॅसचे किट, त्याचा रेग्युलेटर, आणि मागे डिकीतील टाकीकडून येणारी बारीक पोलादी नळी, ही सर्व दाखविलीच पाहिजेत. कारण शेवटच्या वर्षांत ती टॅक्सी पेट्रोलवर नव्हे, गॅसवर धावत होती.

ही माहिती कोठून मिळवावी? कंपन्यांची दुरुस्ती-पुस्तके व सुट्या भागांच्या याद्या जेथे हाती लागतील तेथे त्या अवश्य मिळवाव्यात, त्यांतील सुटे करून दाखविलेल्या भागांच्या आकृत्या अमोल असतात. इंग्लंडमधील जेराल्ड विंग्रोव्ह यांच्यासारखा ख्यातकीर्त कारागीर, ज्यांच्या ग्रंथाने मोटारींच्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या एका अख्ख्या पिढीला शिकविले, तो देखील प्रत्यक्ष मोटारीची मापे घेण्यावर भर देतो. पण पुस्तकातील इंजिन हे कारखान्याच्या दारातून बाहेर पडतानाचे इंजिन असते. तालुक्याच्या ठिकाणच्या गॅरेजमध्ये जे उभे असते त्याच्यावर वीस-तीस वर्षांचे आयुष्य साचलेले असते, आणि त्याचा जाणता साक्षीदार म्हणजे तेथील मेस्त्री. त्याच्या तोंडी जी परिभाषा आहे तीच मी या पुस्तकात स्वीकारली आहे. ऑइल जेथे साठते ते चेंबर, गाडी सुरू करणारा तो सेल्फ, दोन भागांमधले ते पॅकिंग, ठिणगी वाटणारा तो डेल्को. या शब्दांनी ज्या हातांनी ती यंत्रे आयुष्यभर उघडली व मिटली त्या हातांपर्यंत थेट पोहोचता येते, आणि त्या हातांकडून जे शिकावयाचे असते ते दुसरीकडे मिळत नाही. प्लगच्या वायरींचा क्रम विचारला असता एका वयोवृद्ध मेस्त्रींनी मला दिलेले उत्तर मी येथे तसेच नोंदवितो : “सर, एक-तीन-चार-दोन. फियाट असो की जीप, पेट्रोलला हेच. एक वायर चुकली की इंजिन खोकतंय.” चार वायरी, त्यांचा क्रम, आणि डेल्कोच्या टोपीतून त्या कोणत्या दिशेने फिरत निघतात हे ज्याने दाखविले त्याने इंजिनाचा प्राण दाखविला, कारण कोणत्या सिलिंडरमध्ये केव्हा स्फोट व्हावयाचा हे त्या वायरीच सांगतात.

जाडी हा दुसरा कसोटीचा विषय, आणि येथेच बहुतेक सुंदर कामे बिघडतात. प्रत्यक्ष प्लगची वायर सुमारे ७ मिलिमीटर जाडीची असते. १:२४ मध्ये ती ०.२९ मिलिमीटर व्हावयास हवी. शिवणाचा दोरा फुगीर व केसाळ दिसतो, म्हणून तो वापरू नये. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ३१ नंबरची लाखेची तांब्याची तार मिळते, तिची जाडी ०.२९५ मिलिमीटर आहे, आणि ती जशी वाकवावी तशी राहते. डिझेलच्या नोझलकडे जाणाऱ्या ६ मिलिमीटरच्या नळीसाठी ०.२५ मिलिमीटरची, म्हणजे ३३ नंबरची तार बरोबर बसते. ८ मिलिमीटरच्या बोल्टचे डोके १३ च्या पान्याने फिरते, तेव्हा १:२४ मध्ये त्याच्या दोन समोरासमोरच्या पैलूंमधील अंतर ०.५४ मिलिमीटर. फॅनबेल्टची रुंदी सुमारे दहा मिलिमीटर, ती ०.४२ वर येते. अशी कोष्टके मी पुढे सविस्तर दिली आहेत. येथे एवढेच सांगावयाचे की डोळ्याला जे ठीक वाटते ते बहुधा दुप्पट जाड असते, म्हणून डोळ्यापेक्षा मायक्रोमीटरवर विश्वास ठेवावा. रंगालाही जाडी असते हे नवशिके विसरतात. प्रतिकृतीवर चढविलेला मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा रंगाचा थर म्हणजे मूळ यंत्रावर १.२ मिलिमीटरचा लेप झाला, आणि तेवढ्या लेपाखाली ओतीव बिडाच्या कडा, कारखान्याची उठावाची अक्षरे व बोल्टांचे पैलू सारेच बुडून जातात. हल्ली थराथराने राळ घट्ट करून वस्तू घडविणारी जी यंत्रे आली आहेत, त्यांच्या थरांनाही हाच हिशेब लावून पाहावा.

वस्तू कशाची करावी याविषयी मी कर्मठ नाही. प्लॅस्टिकचा पत्रा कापून जोडणे सर्वांत सुलभ, आणि आरंभी तेच करावे. परंतु एकच डौलदार वळणाचा मेनिफोल्ड अथवा कार्बोरेटरचे अंग धातूत उतरवावयाचे झाल्यास ज्या विधीकडे जगभरचे कारागीर वळतात, तो विधी आमच्या भूमीला फार पूर्वीपासून अवगत आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यात हा बालाघाटाचा प्रदेश मोडत होता, त्याने शके १०५१ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ११२९ मध्ये, सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाची मूर्ती करून तिच्यावर मातीचे लेप चढवावे, मेण वितळवून काढून टाकावे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतावा, असा विधी तपशिलाने सांगितला आहे. पहिला लेप पातळ व अत्यंत बारीक मातीचा, तो सावलीत वाळू द्यावयाचा, मग दुसरा, मग तिसरा जाड. मातीत जळलेला तूस, कापसाचे बारीक तुकडे व मीठ. मेणाच्या वजनाच्या आठपट पितळ अथवा तांबे घ्यावे, रुपे बारापट, सोने सोळापट, इतका काटेकोर हिशेब त्यात आहे. पितळाची घनता मेणाच्या साधारण नऊपट असते हे आजचा विद्यार्थी शाळेतच शिकतो. तेव्हा नऊ शतकांपूर्वीचा तो आठाचा आकडा किती अनुभवाने आला असेल याची कल्पना करावी. दंतवैद्य आणि सोनार आजही ज्या रीतीने धातू ओततात ती हीच रीत होय, आणि तालुक्याच्या सराफ पेठेत ओतकाम करणारा कारागीर चारदोन ग्रॅम पितळाचा मेनिफोल्ड ओतून देऊ शकतो. त्याला मेणाचे रूप आपण अचूक करून द्यावयाचे, एवढेच. डाख देण्याचे कामही असेच कोणा कासारकाम जाणणाऱ्याकडून एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे. ते पुस्तकातून येत नाही.

हे इंजिन चालते असावे काय, हा प्रश्न प्रत्येक पाहणारा विचारतो, आणि त्याचे उत्तर देण्यात मला संकोच वाटत नाही. चालणारे लघुइंजिन ही एक स्वतंत्र आणि वंदनीय विद्या आहे. लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ साली सुरू केलेल्या ‘मॉडेल इंजिनिअर’ या नियतकालिकाने तिची परंपरा जोपासली; त्यात एडगर वेस्टबरी यांनी १५ घन सेंटिमीटरच्या, चार सिलिंडरच्या ‘सील’ या इंजिनाची रेखने दिली, ज्याची वाल्वरचना जुन्या जीपप्रमाणेच बाजूला आहे. आपल्या नागपुरात इक्बाल अहमद यांनी ६.८ मिलिमीटर उंच, १६.२४ मिलिमीटर लांब आणि अवघ्या १.७२ ग्रॅम वजनाचे चालणारे वाफेचे इंजिन घडविले व त्याची गिनीजच्या ग्रंथात नोंद झाली, ही प्रत्येक मराठी कारागिराने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. परंतु निसर्गाचे नियम प्रमाणाबरोबर लहान होत नाहीत. लांबी चोवीसपट घटली की पृष्ठभाग ५७६ पटींनी घटतो आणि घनफळ १३,८२४ पटींनी. म्हणजे आतल्या उष्णतेच्या मानाने ती गमावणारी भिंत चोवीसपट अधिक होते, आणि स्फोटाची उष्णता कामास लागण्यापूर्वीच धातूत शोषली जाते. पेट्रोलचा थेंब लहान होत नाही, ऑइलचा घट्टपणा कमी होत नाही, क्रँकच्या बेअरिंगमध्ये ठेवावयाची पाच शतांश मिलिमीटरची फट चोवीसाने भागली तर ती कोणत्याही लेथवर साधता येणार नाही. म्हणून १:२४ मध्ये चालणारे इंजिन करावयाचे ठरविले तर भिंती जाड कराव्या लागतील, वाल्व मोठे करावे लागतील, ठिणगीऐवजी दुसरे काही योजावे लागेल, आणि शेवटी जे चालेल ते फियाटचे इंजिन नसेल. ज्याला चालणे हवे त्याने प्रमाण वाढवावे. ज्याला मोटारीचे सत्य हवे त्याने न चालणारे पण यथातथ्य इंजिन करावे. प्रस्तुत पुस्तक दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी आहे.

रेखन, म्हणजे यंत्राचे मापशुद्ध चित्र, याबद्दल दोन शब्द. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते. रंगांधत्वामुळे रंगचित्रणाचा मार्ग खुंटला तेव्हा ते यंत्ररेखनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत त्यांनी तेच शिकविले, आणि पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांच्या घराण्याच्या पुण्यातील कारखान्यातून निघालेली ऑइल इंजिने आमच्या भागातील विहिरींवर वर्षानुवर्षे धडधडत होती, आणि वीज येण्यापूर्वी कितीतरी शेतकऱ्यांना पिस्टन, रिंगा, नोझल हे शब्द त्यांनीच शिकविले. रेघ स्वच्छ असेल तर तिच्यातून कारखाना उभा राहतो, हे लक्ष्मणरावांनी दाखविले. प्रतिकृती करणाऱ्यानेही प्रथम तीन बाजूंचे रेखन पूर्ण करावे, प्रत्येक मापापुढे ते कोठे व कोणत्या हत्याराने घेतले हे लिहावे, आणि जे माप छायाचित्रावरून अंदाजले असेल त्यावर निराळी खूण करावी. अंदाज निषिद्ध नाही. अंदाजाला मोजमाप म्हणणे निषिद्ध आहे.

रंग व मळ यांविषयीचे प्रकरण मी मनापासून लिहिले आहे, कारण तेथे कारागिराला आपल्या मुलखाशी इमान राखता येते. चालते इंजिन कधीही एका रंगाचे नसते. बिडाचा ब्लॉक करडा-तांबूस, ॲल्युमिनियमचे हेड फिकट व मळकट, एक्झॉस्ट मेनिफोल्ड उष्णतेने भाजून विटकरी, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगखालून पाझरलेले ऑइल आणि त्याच्यावर बसलेली धूळ. मुंबईच्या टॅक्सीचा मळ दमट, चिकट व काळा असतो. आमच्याकडच्या जीपच्या इंजिनावर उन्हाळ्यात कोरडी भुरी साचते, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचे शिंतोडे उडून रेडिएटरच्या जाळीत सुकून बसतात. रेडिएटरच्या टोपीखाली पाण्यातील क्षारांचे पांढरे ओघळ दिसतात. मळ सर्वत्र सारखा फासू नये. जेथे हात वारंवार जातो, म्हणजे ऑइलचा गज, एअर क्लीनरचे झाकण, डेल्कोच्या टोपीच्या दोन कड्या, तेथे धातू उघडा पडून चकाकतो. प्रत्येक डागाला कारण असले पाहिजे, आणि ते कारण कारागिराला सांगता आले पाहिजे.

हे सर्व आताच लिहिण्याचे प्रयोजनही सांगतो. मुंबईत नोंदणी झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा केंद्राचा नियम अमलात आला, आणि तालुक्याच्या कचेऱ्यांच्या आवारात उभ्या असलेल्या जुन्या जीप लिलावाने भंगारात जाऊ लागल्या. धुराचा व सुरक्षिततेचा विचार करता त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. पण भंगाराच्या काट्यावर चढण्यापूर्वी त्या इंजिनांची मापे घेतली जावीत, एवढी कळकळ मला वाटते. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथे १:८७ प्रमाणातील गाड्या, सिग्नल, पूल व स्थानके पाहून मुलांच्या कितीतरी तुकड्यांना रेल्वेची व्यवस्था डोळ्यांनी समजली. मोटारीच्या इंजिनांनाही असा आश्रय मिळावा, आणि तो पुण्या-मुंबईपुरता न राहता ज्या तालुक्यांत ती इंजिने झिजली तेथील शाळांत व वाचनालयांतही मिळावा. काचेच्या एका लहान पेटीत फियाटचे आणि जीपचे इंजिन शेजारी शेजारी ठेवले, तर विज्ञानाच्या शिक्षकाला वाल्व वर असणे आणि बाजूला असणे यांतील भेद फळ्यावर काढून दाखवावा लागणार नाही.

पुस्तकाची मांडणी वाचकाच्या सोयीसाठी येथे नमूद करतो. पहिल्या तीन प्रकरणांत हत्यारे, मोजणी व रेखन. त्यापुढे फियाटचे इंजिन, मग जीपची तीन इंजिने वेगवेगळी, कारण ती एकमेकांत मिसळली जाऊ नयेत हा या लेखनाचा एक मुख्य हेतू आहे. ओतकाम आणि डाख यांचे प्रकरण त्यानंतर, रंगाचे शेवटी. मापे सर्वत्र मिलिमीटरमध्ये दिली आहेत. जीपची मूळ मापे इंचांत असल्यामुळे ती कंसात राखली आहेत, जेणेकरून कोणाला माझा भागाकार तपासून पाहता येईल. परिशिष्टात १:२४, १:१२ आणि १:८ या तीन प्रमाणांसाठी तारांच्या नंबरांचे कोष्टक जोडले आहे. ज्यांना गॅरेजमध्ये जाऊन मापे घ्यावयाची आहेत त्यांनी मेस्त्रीच्या कामाच्या वेळेत जाऊ नये. दुपारी जेवणानंतर अथवा बाजाराच्या आदल्या दिवशी सायंकाळी जावे, इंजिनाला हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि हेड खोललेले असेल तेव्हा व्हर्नियर कॅलिपर, पट्टी, सुताची गुंडी व कोरी वही जवळ असू द्यावी, कारण हेड पुन्हा बसल्यावर ते माप मिळण्यास पुढच्या ओव्हरहॉलिंगपर्यंत थांबावे लागते.

शिरूर कासार, जि. बीड